बाबांची प्रेअरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत साउथ डकोटाची प्रेअरी बघायला जायचं, हे बाबांचं अमेरिकेचं तिकीट काढतानाच मी ठरवलं होतं. बाबा नागपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. 'प्रेअरी गवताळ प्रदेश' हा धडा त्यांनी जन्मभर शिकवला, फळ्यावर वाऱ्याने वाकलेलं गवत खडूने काढून दाखवलं, पण स्वतः काही ते पाहिलं नाही. त्यांच्या गुडघ्यांकडे बघता पुढच्या वेळी ते एवढा प्रवास करतील असं वाटत नव्हतं. दाखवायचं तर याच वेळी.

पण आम्ही टेक्सासमधल्या फ्रिस्कोतले मराठी लोक एकटे सुट्टीवर जातच नाही. नवऱ्याने मित्रांपाशी नुसता विषय काढला आणि बघता बघता चार कुटुंबं, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि दोन इन्स्टंट पॉट कुकर जमले. मग सुरू झाला घोळ. कुणाला यलोस्टोन हवं, कुणाला मोंटानाच्या डोंगरातलं ग्लेशियर पार्क, कुणाला स्वयंपाकघर असलेलंच घर हवं. वरणभात कुठे लावायचा यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी कुठे जायचं यावर झाली नाही. त्यात प्रेअरीचे दिवस रोज थोडे थोडे कापले जात होते.

"गवतात काय बघायचं यार?" नवऱ्याचा एक मित्र आमच्याच सोफ्यावर बसून म्हणाला. "काका, आपलं फ्रिस्कोपण प्रेअरीच होतं. बिल्डर लोकांनी खाल्लं."

सगळे हसले. बाबाही हसले. माझं मात्र डोकं फिरलं.

शेवटी ग्रुपवर पोल टाकला: प्रेअरी ठेवायची की डोंगरात मुक्काम वाढवायचा. मोठ्या मानाने बाबांनाही ग्रुपमध्ये घेतलं होतं. मतं समसमान पडली, बाबांचं तेवढं राहिलं. मी निर्धास्तपणे चहा टाकायला गेले. परत येऊन बघते तर बाबांनी डोंगराला मत दिलेलं, आणि ग्रुपवर "काका रॉक्स!"चा धडाका.

मी तणतणत त्यांच्या खोलीत गेले. "बाबा, काय केलंत हे? तुमच्यासाठी भांडत होते ना मी!"

"अगं, मुलांना डोंगर हवेत. माझ्या एकट्यापायी सगळ्यांचा विरस कशाला?"

"मग आपण दोघंच जाऊ."

"आणि त्यांना दुखवू? पाहुण्याने आपलं घोडं पुढे दामटायचं नसतं."

"पाहुणे?" माझा आवाज चढला. "मुलीच्या घरी तुम्ही पाहुणे?"

ते चष्मा काढून पुसत बसले. ही भीड, हा समजूतदारपणा मला लहानपणापासून ठाऊक होता, आणि त्या क्षणी मला त्याचा मनापासून संताप आला.

"मोंटानाचं विमान," त्यांनी चष्मा चढवत विचारलं, "त्या गवतावरूनच जात असेल ना गं? खिडकीतून दिसेल का?"

रागाने मला रडू फुटायच्या बेतात होतं.

"दिसेल," मी म्हटलं. "ढग नसले तर."