नाव घातलेला पेला

कणकवलीहून मुंबईची बस सुटायची होती. आई खिडकीखाली उभी राहून त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा देत होती, बाबा डिकीत माझी बॅग नीट ठेवली की नाही ते बघत होते, आणि बाबांचे धाकटे भाऊ, सदाकाका, सगळ्यांपासून लांब कॅन्टीनच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत त्यांचा स्टीलचा पेला होता. तो नेहमीच असायचा.

काका गोरेगावला स्टुडिओत सुतार होते. सिनेमातले राजवाडे उभे करायचे आणि शूटिंग संपलं की तेच मोडायचे. तिथेच त्यांना टीबी झाला. औषधांचा पूर्ण कोर्स करून, ठणठणीत बरे होऊन ते गावी परतले, तरी वाडीच्या लेखी ते आजारीच राहिले. आईने बाजारातून एक पेला आणला, त्यावर त्यांचं नाव घालून घेतलं आणि पडवीतल्या कोनाड्यात ठेवला. काका लग्नाकार्याला गेले तरी तो बरोबर न्यायचे आणि पंगतीच्या टोकाला, थोडं अंतर सोडून बसायचे. कुणी त्यांना टाकून बोललं नाही. सगळं अगदी प्रेमाने चालायचं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मी टीबीवर संशोधन करणार हे कळल्यावर आईने कपाळावर हात मारला होता. "मुंबैक जावन लोकांची थुंकी बघतलस?" वाडीत कुणी विचारलं तर ती पुढची कित्येक वर्षं 'कॉम्प्युटरचा काय तरी करता' असं सांगत राहिली.

आई, तेच करते गं मी, अंधेरीच्या प्रयोगशाळेत, आणि मान वर करून करते. फक्त ती थुंकी नव्हे. छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो आम्हाला. बायामाणसं लाजून पदराआड हळूच खोकतात आणि डबीत नुसती लाळ देतात. मग त्यांना पुन्हा समजवायचं, मोकळ्यावर नेऊन जोरात खोकायला लावायचं. या कामात सोवळेपणा चालत नाही. हा जंतू तर महा आळशी, वाढायला आठवडेच्या आठवडे घेतो. नेहमीची औषधं ज्यांना लागू पडत नाहीत त्यांना कोणतं पडेल, हे लवकर कसं कळेल, यावर आमचा गट काम करतो. आमच्या चाचणीमुळे एखाद्याचं औषध वेळेत बदललं, आणि तो माणूस अंगावर मूठभर मांस चढवून कामाला लागला, की मी दिवसभर फुगून हिंडते. घरी नवरा म्हणतो, "झालं, आज मॅडम जमिनीवर नाहीत!" नसतेच मी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी काका आमच्याकडे बोरिवलीला राहायला आले, तेव्हा मी कपात चहा ओतला. त्यांनी पिशवीतून पेला काढून पुढे केला. माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्ही कधीच बरे झालात. आणि टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो, भांड्यातून नाही. मी रोज हेच काम करते ना!"

"माका म्हायत आसा गो," ते हसून म्हणाले. "पण त्येंका खंय म्हायत?"

त्यानंतर गावी घरच्या पूजेला गेले ती ठरवूनच. पंगत बसली, तशी मी टोकाला काकांच्या शेजारी जाऊन बसले, त्यांचा पेला उचलला आणि तोंड लावून पाणी प्यायले. वाढणारे हात थांबले. काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, वाट लागली, आपण त्यांची भरपंगतीत शोभा केली.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. जन्मभर वरून पाणी पिणारी, माझ्या पेल्यालाही कधी ओठ न लावलेली ही बाई. तिने माझ्या हातातून तो पेला घेतला, ओठ लावून उरलेलं पाणी संपवलं आणि वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या चेडवान सांगल्यान म्हंजे सांगल्यान. ता टीबीचाच काम करता. भावजी, उठा, हय मधी येवन बसा."

काका उठले. पंगतीने सरकून त्यांना जागा दिली. माझं पुढचं जेवण डोळे पुसण्यातच गेलं.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन रुजलेल्यांनो, घर कुठलं असं मला विचारलंत तर इतके दिवस मी बोरिवली सांगायचे. गावाला जाताना पाय जरा जडच व्हायचे. आता तसं होत नाही.

यंदा उन्हातून घरात शिरले तर चुलतबहिणीने मांडणीवरचा हाताला लागेल तो पेला घेऊन पाणी दिलं. मी घटाघट प्यायले. खाली ठेवताना काठाजवळ कोरलेलं नाव दिसलं, सदानंद. मागीलदारी काका शेजारच्या कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत चहा पीत होते, दुसऱ्याच कुठल्यातरी पेल्यातून.