सासूबाई, विहीणबाई आणि कॉलरचं बटण

३ मार्च, सोमवार. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. दूध उशिरा आलं. वहिनींना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं. उचलायला चार माणसं लागली, पाचवा नुसता ओरडायला. खुर्चीचा एक हात निखळला. खालच्या घड्याळवाल्यांच्या दाराचा रंग खरवडला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. येताना तीच वरात उलटी. संध्याकाळी कुणालाच भूक नव्हती, वहिनी सोडून.

ही नोंद वन्संची. जेवणं आटोपली की डायरी लिहायची ही कॉन्व्हेंटात शिकलेल्या वन्संची सवय कधी चुकली नाही. वहिनी म्हणजे त्यांची भावजय. दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून घड्याळांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी एकत्र राहत. पुढच्या खोलीत वहिनींचं शिवणकाम, मागच्या खोलीत उरलेला संसार.

वहिनी शिवायच्या फक्त पायमशीनवर. मुलानं मोटर बसवून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "मोटरला काय कळतंय कापड कुठं थांबायचं म्हणतंय ते? ते पायालाच कळतं." पण ज्या पायांना कापडाचं इतकं कळत होतं, त्यांना वहिनींचा भार मात्र पेलेना. वहिनी मुळातच भरलेल्या अंगाच्या. त्यात काम बसून, आणि बसल्या माणसाला भूक जास्त लागते हे त्यांचं ठाम मत. शिवताना एका हाताशी कात्री, दुसऱ्या हाताशी बिस्किटांचा डबा. कधीकधी कात्री सापडायची नाही, डबा हमखास सापडायचा.

मग गुडघ्यांनी डोकं वर काढलं. वहिनींनी डाव्याचं नाव सासूबाई ठेवलं आणि उजव्याचं विहीणबाई. सासूबाई दिवसभर कुरकुरायच्या, पण काम करू द्यायच्या. विहीणबाईंचं तसं नाही. त्या शहाण्यासारख्या गप्प बसायच्या आणि नेमक्या जिन्याच्या मधल्या पायरीवर रुसायच्या. तिथून वर जाता येत नाही, खाली जाता येत नाही, आणि खालून घड्याळवाले विचारतायत, "वहिनी, कुणाची वाट बघताय का?"

उपाय करायचे सगळे करून झाले. गरम पाण्याची पिशवी झाली, तेल झालं, लोहचुंबकाचा पट्टा झाला. पट्टा लावल्यावर गुडघा दुखायचा काही थांबला नाही, पण खोलीतल्या सगळ्या टाचण्या येऊन चिकटल्या. खरा आधार एकच, दुखणं मारणारी पांढरी गोळी. ती पोटात गेली की विहीणबाई आपलं मानपान विसरायच्या. पण शेवटी शेवटी गोळीलाही त्या जुमानेनात आणि वहिनींनी जिना उतरणं सोडलं ते सोडलंच.

धंदा मात्र सोडला नाही. खिडकीतून दोरीला टोपली बांधून कपडे वरखाली व्हायला लागले, आणि मापंही खिडकीतूनच. बाईनं रस्त्यात उभं राहायचं, वहिनी वरून बघायच्या, "वळा" म्हणायच्या, पुन्हा बघायच्या आणि आकडा सांगायच्या. नजर अशी की फीत लावून पाहिलं तरी फरक निघायचा नाही. प्रश्न एवढाच की खिडकीतून सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. पहिल्याच आठवड्यात एका शिक्षिकेची कंबर साऱ्या गल्लीला पाठ झाली. मग वहिनींनी शक्कल काढली. ओरडायचं ते दहानं कमी, आणि शेजारी बसलेल्या वन्संनी लिहायचं ते दहानं जास्त. रस्त्यावरची बाई खूश, कपडा बरोबर. या खिडकीखाली माप द्यायला लांबलांबच्या बायका येऊ लागल्या त्या शिलाईसाठी की त्या आकड्यासाठी, हे सांगणं कठीण.

मुलाला हे पसंत नव्हतं. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या इमारतीत राहायचा. दर रविवारी यायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "आई, चल माझ्याकडे. आत्यालाही घेऊन चल. इथं कोंडून घेतल्यासारखी राहतेस."

"सातव्या मजल्यावर? तिथून खाली बघितलं तर माणूस दिसतो का मुंगी? मुंगीची कंबर कशी मोजू मी?"

"आता शिवायची गरज काय तुला?"

या प्रश्नावर वहिनी मशीन सुरू करायच्या. त्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येत नसे.

तर त्या मार्चच्या सोमवारी गुडघ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला. "सांध्यातली गादी झिजलीय. उजव्यात तर हाडावर हाड घासतंय. गुडघा बदलता येईल, पण या वजनाखाली नवा गुडघाही फार दिवस टिकायचा नाही. आधी वजन उतरवा."

"वजन उतरवायचं तर चालायला हवं आणि चालायचं तर गुडघे हवेत," वहिनी म्हणाल्या. "मी सुरुवात कुठल्या टोकाकडून करू?"

"पोटाकडून," डॉक्टर म्हणाले.

पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाचा वरचा लहानसा भाग वेगळा करायचा, त्याची पिशवी करायची आणि ती पुढे आतड्याला जोडायची. भूक कमी, जेवण कमी, वजन कमी. वन्सं चित्र बघून पांढऱ्या पडल्या. वहिनींनी मात्र चष्मा लावून ते नीट निरखलं.

"आणि उरलेलं कापड?"

"कापड?"

"म्हणजे उरलेलं पोट हो."

"ते आतच राहतं, बाजूला."

"हे बरं करता. कापून टाकू नये कधी. शिवण तुम्ही स्वतः घालणार ना? का हाताखालचं कुणी?"

"मी स्वतः."

"मग दुहेरी टीप मारा," वहिनी म्हणाल्या आणि सहीसाठी कागद पुढे ओढला.

ऑपरेशन नीट पार पडलं. नंतरचे दिवस वन्संनीच काढले म्हणायचे. वाटीभर सूप, मग घोटभर पाणी, मग वाटीत मावेल एवढं दही. वहिनी दोन चमच्यांत हात वर करायच्या. बिस्किटांच्या डब्यात वन्संनी दोऱ्याची रिळं भरली, तरी वहिनींचा हात सवयीनं डब्याकडे जायचा आणि रीळ घेऊन परत यायचा. अंगातले गाऊन ढगळे होत गेले. वहिनी ते आत घेत गेल्या, पण जादा कापड एक बोटभरही कापलं नाही. सगळं आतल्या बाजूला दुमडून ठेवलं.

"अहो, कापा की आता," वन्सं म्हणाल्या. "बाई झाली अर्धी आणि आत कापड आहे पडद्याएवढं."

"असू दे. पुढचं कुणी बघितलंय?"

सासूबाई दोन-तीन महिन्यांतच निवळल्या. इतक्या की त्या घरात आहेत की गावाला गेल्यात, कळेना. वहिनींना वाटलं, आता विहीणबाईंचंही असंच होणार. पण विहीणबाई होत्या तिथंच होत्या. रुसवा पूर्वीइतका कडक नव्हता एवढंच, जिना म्हटलं की तोंड फिरवायच्या. वहिनी हिरमुसल्या. गुडघ्याच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "एवढं पोट दिलं मी तुमच्या सांगण्यावरून."

"अहो, ओझं उतरलं, पण झिजलेलं परत उगवत नाही. आता पाय बळकट करा. मग बघू, गुडघा बदलायचा की याच्यावरच भागतंय."

"आणि तोवर माझी पांढरी गोळी?"

ती मात्र कायमची बंद. पोटाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की आता ती गोळी गेली तर त्या लहानशा पोटात जखमा होतील, रक्तसुद्धा जाईल. वन्संनी घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा करून औषधवाल्याला परत दिल्या. म्हणजे त्यांना तसं वाटलं. दोन गोळ्या वहिनींनी मागे ठेवल्या होत्या, पांढऱ्या बटणांच्या डबीत. तिथं कुणाला शोधायचं सुचणार?

व्यायाम शिकवायला एक मुलगी येऊ लागली. खुर्चीत बसून पाय सरळ करा, धरून ठेवा, हळू खाली आणा. मशीनही थोडं थोडं चालवा म्हणाली, तेव्हापासून वहिनींना ती आवडली. जिन्याचा धडाही तिनंच दिला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

"म्हणजे उतरताना विहीणबाईंना पुढं करायचं," वहिनी म्हणाल्या. "मानानं."

मुलगी हात धरून त्यांना तीन-चार पायऱ्या उतरवायची, पुन्हा चढवायची. मधली पायरी आली की वहिनींचे पाय थांबायचे. दुखायच्या आधीच थांबायचे.

अशात मुलानं निकाल लावायचं ठरवलं. "आई, आता ऑपरेशनही झालं. येत्या रविवारी जिना उतर, समोरच्या दिव्याच्या खांबाला हात लावून ये आणि पुन्हा वर चढ. कुणाचा हात न धरता. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं. दिवसभर वर अडकून पडायचं असेल तर निदान माझ्या डोळ्यांसमोर पड."

वहिनी नाही म्हणू शकल्या नाहीत, कारण म्हणणं रास्त होतं. पण तो आठवडा त्यांना शिवण सुचेना. मशीन गेलं, खिडकी गेली, की आपण फक्त कुणाची तरी आई म्हणून सोफ्यावर बसणार. एका शर्टाची बाही त्यांनी उलटी लावली, आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी सकाळी त्या लवकर बसून शर्टाची कॉलर पुरी करत होत्या. बोटाला अंगुस्तान्याची धातूची टोपी, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि जिन्यात मुलाची पावलं. वहिनींनी पटकन बटणांच्या डबीत हात घातला, कडेला होती ती ओढून बाहेर काढली, तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला. एरवी त्यांच्या बोटांना अंधारातही कळलं असतं, पण बोटावर टोपी होती. आणि तोंडाचं म्हणाल, तर शिवताना बटणं ओठांत धरायची आयुष्यभराची सवय. तोंडाला काहीच परकं वाटलं नाही.

"तयार?" मुलानं विचारलं.

"गेल्या रविवारपासून," वहिनी म्हणाल्या.

विहीणबाई पुढे, सासूबाई मागे. कठड्यावर एक हात. मधली पायरी आली. वहिनी मनात म्हणाल्या, आता गोळी आहे पोटात, बघू कशी रुसतेस. आणि पाय उतरला. दुखलं, पण दुखत दुखत उतरला. खाली घड्याळवाल्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं, पुन्हा लावून बघितलं. वहिनी रस्ता ओलांडून गेल्या आणि खांबाला अशी थाप मारली की वरचा कावळा उडाला.

खिडकीत वन्सं उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक दिली, "वहिनी, वळा!"

वहिनी रस्त्याच्या मधोमध वळल्या. "सांगा आता! दहा कमी करून नको हं, खरं सांगा!"

वन्संनी खरं सांगितलं. गल्लीनं ते ऐकलं, आणि शिक्षिकेनं तर आपल्या दारातून विचारलं, "म्हणजे याच्यात अजून दहा मिळवायचे ना?"

"नाही!" वहिनी ओरडल्या. "एवढंच आहे!"

चढायला वेळ लागला, पण चढल्या. मुलगा खुर्चीत बसला. वन्संनी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत कॉलरचं राहिलेलं एकच बटण लावून टाकावं म्हणून डबी उघडली. आतलं काहीतरी बोटानं उलटंसुलटं केलं.

"वहिनी, ह्या दोन बटणांना भोकं कशी नाहीत?"

वहिनींचा चेहरा पडला. खोटं बोलायची ताकद जिन्यातच खर्च झाली होती. "दोन नसतील. एक असेल. एक मी सकाळी घेतली."

मुलगा उठून उभा राहिला. "म्हणजे गोळी खाऊन उतरलीस? डॉक्टरांनी एवढं बजावलंय, पोटात जखम होईल म्हणून! संपलं, आई. सामान बांध."

"बांधते," वहिनी हळूच म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या मशीनकडे बघत राहिल्या.

"तुम्ही किती ठेवल्या होत्या?" वन्संनी विचारलं.

"दोन."

"मग दोन्ही इथंच आहेत." वन्संनी तळहात पुढे केला. गोळ्या दोन. डबीत शोधलं, जमिनीवर शोधलं, मशीनखाली शोधलं. नव्हतं ते डबीतलं कॉलरचं एकुलतं बटण.

चहा उतू गेला. मग एकदम तिघंही फोनकडे धावले, आणि त्यात वहिनी पहिल्या पोचल्या.

"केवढं बटण?" पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कॉलरचं हो. बारीक. चार भोकांचं."

"कडा धारदार?"

"डॉक्टर! मी असली बटणं वापरत नाही."

"पोटात दुखतंय? उलटी? काही अडकल्यासारखं?"

"काही नाही. जिना चढून आलेय."

"मग जाईल ते आपल्या वाटेनं. उद्या येऊन दाखवा. मध्ये जरा जरी दुखलं तर लगेच या. पण बटण गिळलंत कशाला?"

वहिनींनी सांगितलं. "बटण गेलं ते उत्तम झालं," डॉक्टर म्हणाले. "गोळी गेली असती तर मी जेवणाच्या ताटावरून उठून धावत आलो असतो. त्या दोन कुठायत?"

"वन्संच्या मुठीत."

"कचऱ्यात टाका म्हणावं."

फोन ठेवला. मुलगा भिंतीला टेकून हसत होता, डोळे पुसत होता. "आई, तू बटणावर उतरलीस. बटणावर!"

वहिनींनी उजव्या गुडघ्याकडे बघितलं. तो ठणकत होता, रोजच्यासारखाच. गोळी नव्हती, हात धरायला कुणी नव्हतं, आणि तरी खांबापर्यंत जाऊन आला होता. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "एवढं येत होतं तर बोलायचं नाही का आधी?"

"मी विषय काढणार नाही," मुलगा म्हणाला. "पण ही डबी आत्याच्या ताब्यात."

"देऊन टाक," वहिनी म्हणाल्या आणि कात्री उचलली. अंगावरच्या गाऊनची कड उलटी करून त्यांनी आतलं दुमडलेलं कापड धरलं, जरा थांबल्या, आणि मग कापायला सुरुवात केली.

संध्याकाळी वन्संनी लिहिलं: कॉलरचं पांढरं बटण एक कमी पडलं. शर्ट तसाच ठेवला आहे. उद्या डॉक्टरांकडून येताना वहिनी स्वतः आणतील.