डॉजवाले तात्या

उभ्या गाडीच्या बॉनेटवर तात्या तळहात ठेवायचे, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. पांढरा लेंगा, पायांत मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज. माझ्याकडे वळून म्हणाले, "आत्ताच आलीय ही. अंग गरम हाय अजून." मी मराठी आहे हे कसं ओळखलंत, असं विचारलं, तर म्हणाले, "मंगळसूत्र बगितलं की."

तात्या पाचगणीचे. मुलगा नितीन इथे आयटीत. तात्यांच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्याने त्यांना इकडे आणलं, कारण तिकडे बघणारं कोणी उरलं नव्हतं. मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची. त्या दोन्ही सकाळी आम्ही खालच्या बाकावर बसायचो आणि तात्या त्यांच्या डॉजबद्दल सांगायचे.

ती लांबलचक अमेरिकन गाडी त्यांच्या वडिलांनी एका बोर्डिंग शाळेच्या साहेबाकडून घेतलेली. गावात तेवढी एकच. सकाळी बटाट्याची पोती, दुपारी बाजाराच्या बायका, संध्याकाळी कुणाची तरी वरात. "लेकुरवाळी गाडी," तात्या म्हणायचे. "कंपनीनं सहा मानसांची केलेली. आमी चौदा बसवायचो, वर कोंबड्या." पसरणी घाटात एका भाजीवालीचं बाळंतपण मागच्या सीटवर झालं, तेव्हा तात्यांनी आरसा फिरवून ठेवला आणि दवाखाना येईपर्यंत मागे पाहिलं नाही. "पोरगी झाली. आता आजी झाली आसंल ती."

मग कुणीतरी तक्रार केली. एक म्हातारा रोज गाड्यांना हात लावतो म्हणून. दोन पोलीस घरी आले, सभ्यपणे बोलले आणि गेले. पण नितीन घाबरला; इथे कायम राहण्यासाठीचा त्याचा पीआरचा अर्ज अडकलेला होता. "तात्या, इथं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नसतो, किती वेळा सांगू?" माझ्यासमोरच तो ओरडला. नात सोफ्यावरून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, कॅनॉट लाह." तात्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

त्यानंतर ते खाली येईनात. मला राहवलं नाही. जुरोंग ईस्टच्या एका मॉलमध्ये शोभेला म्हणून एक जुनी अमेरिकन गाडी ठेवल्याचं मी वाचलं होतं. नितीनला विचारून मी त्यांना एमआरटीने, इथल्या मेट्रोने, घेऊन गेले. डॉजच होती. आकाशी रंग, चकचकीत क्रोम. तात्या तिच्याभोवती दोनदा फिरले. मग तिथल्या मलय गार्डला खुणेने विचारलं, बॉनेट उघडता का?

"कॅनॉट, अंकल."

मी विनवणी केली. गार्डने इकडेतिकडे पाहिलं आणि बॉनेट उचललं. आत इंजिन नव्हतं. दिव्यांच्या वायरींचं भेंडोळं, प्लास्टिकची झाडं आणि कुणीतरी टाकलेला कॉफीचा कप. तात्या बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनीच बॉनेट हळूच खाली घेतलं.

"चला ताई."

परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "तुमी कशाला आणलंत मला?"

त्यानंतर तात्या माझ्याशी डॉजबद्दल कधीच बोलले नाहीत. मी गेले की "बसा" म्हणायचे आणि भिंतीकडे पाहत राहायचे. जेवण कमी झालं, मग जवळजवळ सुटलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पाचगणीला परत नेऊ का, असं नितीनने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "तिथं कोन हाय?" पावसाळी दुपारी ते गेले. मांडाईच्या स्मशानात आम्ही मोजून नऊ माणसं होतो.

घरी परतल्यावर नितीन आणि मी स्वयंपाकघरात उभे होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "किती जणांना त्यांनी वेळेवर दवाखान्यात पोचवलं. भरभरून सांगायचे."

नितीन सिंकमधला पेला विसळत होता. "आईचं सांगितलं कधी?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी सात वर्षांचा होतो. आईला साप चावला. तात्या वरात घेऊन वाईला गेले होते. शेजाऱ्यांनी खाटेवर घालून घाट उतरायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेवर समोरून डॉज आली, हॉर्न वाजवत, टपावर फुलं." त्याने नळ बंद केला. "तात्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं, आईला आत घेतलं, गाडी वळवली. खूप जोरात चालवली त्यांनी. ती आधीच गेली होती. कुणीतरी सांगायला हवं होतं त्यांना. मी तिच्याजवळ मागे बसलो होतो. मी सांगितलं नाही."