सही करणार नाही

पोलीस आले तेव्हा मी लेकीचा डबा भरत होते. सकाळी साडेसातला अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातल्या आमच्या घराची बेल वाजली आणि साध्या कपड्यांतल्या दोघांनी ओळखपत्रं दाखवली. भारतानं माझं प्रत्यार्पण मागितलंय, असं त्यांतली बाई अगदी सौम्यपणे म्हणाली. मला हसूच आलं. प्रत्यार्पण बँका बुडवून पळणाऱ्यांचं होतं, पोळीभाजीचे डबे भरणाऱ्यांचं नाही, अशी माझी समजूत होती.

गुन्हा पुण्यात नोंदवला होता, माझ्या घटस्फोटित नवऱ्यानं. आम्ही दोघं आयटीतल्या नोकऱ्या घेऊन इथे आलो, संसार मोडला, तो परत गेला. जाण्याआधी त्यानं एका पत्रावर सही केली होती: मुलगी आईजवळ राहील, तिच्या पासपोर्टला माझी हरकत नाही. दोन वर्षांनी त्याचं मन फिरलं. ती सही बनावट आहे, मी ती ठोकून मुलगी पळवली, असं त्यानं पोलिसांना सांगितलं.

तीन दिवस मी कोठडीत होते. लेक शेजारच्या सोलापूरच्या कुटुंबाकडे राहिली. मग पासपोर्ट जमा करून आणि दर मंगळवारी हजेरीच्या अटीवर मला सोडलं. घरी आले तेव्हा लेकीनं डचमध्ये विचारलं, "सॉरी म्हणाले का ते?"

"अजून नाही," मी म्हटलं.

माझी वकील साठीची डच बाई. तिनं सरळ सांगितलं, "तुम्ही गुन्हा केलात की नाही, हे इथलं कोर्ट ठरवणार नाही. मागितलेली व्यक्ती तुम्हीच का, कागद पुरे आहेत का, आणि तो इथल्या कायद्यानंही गुन्हा आहे का, हे बघेल. खोटी सही दोन्हीकडे गुन्हाच. कोर्टानं होकार दिला तर शेवटचा निर्णय मंत्र्यांचा."

"आणि मी निर्दोष असले तर?"

"तर ते जागच्या जागी दाखवता आलं पाहिजे. साक्षीदार, उलटतपासणी वगैरे इथे नाही." मग तिनं एक कागद पुढे केला. "तुम्ही संमती दिलीत तर हे लवकर आटपेल. तिकडे जाऊन लढता येईल."

"आणि मुलगी?"

तिनं कागदावर पेन ठेवलं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

आईचा पुण्याहून रोज फोन. "अगं, ये निघून. हात जोडू, मिटवून टाकू."

"आई, काही केलं असतं तर मिटवलं असतं."

ऑफिसात कुजबुज व्हायच्या आधी मीच मॅनेजरला सगळं सांगून टाकलं. मंगळवारी सायकलवरून पोलिसांकडे हजेरी लावायची आणि मग मेट्रोनं झुइडओस्टला कामावर. भारतीय दुकानात ओळखीच्या बायका मला बघून डाळीच्या फडताळाकडे तोंड फिरवायच्या. मी मुद्दाम शेजारी जाऊन उभी राहायचे आणि मोठ्यानं विचारायचे, "काय, बरं आहे ना?"

पुण्याहून आलेली फाईल वकिलानं चाळली होती. मी ती घरी आणून पानन् पान वाचली. त्यात त्या पत्राची झेरॉक्स होती. मूळ पत्र पासपोर्टच्या अर्जासोबत गेलेलं, माझ्याकडे काहीच नव्हतं. संसार मोडल्यावर इथलं दोघांचं घर विकलं, त्या आठवड्यात इतक्या सह्या झाल्या होत्या की ही कुठे झाली, तेही मला आठवत नव्हतं. झेरॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात मात्र एक करडा डाग होता. नीट पाहिलं तर ती उलटी अक्षरं होती, पाठीमागून उमटलेल्या शाईची. कागद आरशासमोर धरला. घर विकताना गाठलेल्या इथल्याच नोटरीचा शिक्का! पुण्यात कुणी मागची बाजू झेरॉक्स केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आणि वकील त्या नोटरीकडे गेलो. तिथल्या बाईंनी फाईल काढली. पत्राच्या दोन्ही बाजू, माझ्या माजी नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, आणि त्यानं समोर बसून सही केल्याची नोंद. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो संताप.

कोर्टात वकिलानं ते कागद ठेवले. न्यायाधीशांनी मला काही बोलायचंय का विचारलं. वकिलानं नम्र राहायला बजावलं होतं. माझ्या मोडक्या डचमध्ये मी म्हटलं, "मी पळालेली नाही. माझा पत्ता माझ्या मुलीच्या वडिलांना पाठ आहे. दर रविवारी ते तिच्याशी याच घरी फोनवर बोलतात. मी एकदाही अडवलेलं नाही."

दोन आठवड्यांनी निकाल आला: मागणी नामंजूर.

पण पुण्यातला गुन्हा त्या निकालानं संपला नाही. मी देशात पाऊल ठेवलं असतं तर विमानतळावरच धरली गेले असते. हे ओळखूनच लेकीच्या बापाचा मेसेज आला: मुलीला सहा महिने इकडे पाठव, तक्रार मागे घेतो.

मी उत्तर दिलं: मागे घेऊ नकोस. कोर्टात ये.

तिकडे वकील दिला. दीड वर्ष गेलं. त्या दरम्यान आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी इथे फोन धरून बसले. ते मी त्याला माफ केलेलं नाही. शेवटी नोटरीचेच कागद पाहून हायकोर्टानं गुन्हा रद्द केला.

त्या उन्हाळ्यात लेकीला घेऊन मी माहेरी गेले. तिसऱ्या दिवशी तो तिला भेटायला आला. ती धावत जाऊन त्याला बिलगली. मी बघत राहिले. मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "एवढं ताणायची गरज नव्हती."

"होती," मी म्हटलं, आणि दोघांना बोलत ठेवून चहा टाकायला आत गेले.