जनाआत्याचा कलस

जनाआत्या आंघोळ करून आली की कुंकवाचं पहिलं बोट स्वतःच्या कपाळी नाही, आरशाच्या माथ्यावर टेकवायची. त्यासाठी स्टुलावर चढायची, "भरलेला ऱ्हा" म्हणायची आणि उतरताना गुडघ्यांना शिव्या घालायची.

आत्या खरी तिच्या भाच्याची, नरेशची, पण मनवेलपाड्याची आमची सगळी चाळ तिला आत्याच म्हणे. तिचा नवरा सुतार. एक जुना बंगला पाडताना मालकाने तो आरसा त्याला खुशीने देऊन टाकलेला. लाकडावर सोन्याचा मुलामा, दोन्ही बाजूंना कोरीव खांब, पानांच्या माळा आणि माथ्यावर झाकणाचा घडा. बनावट पक्की साहेबी. पण घडा म्हणजे कलश आणि माळा म्हणजे तोरण, हे आत्याने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

काचेचा पारा विटलेला, त्यामुळे डाग पुसट होऊन त्यात सगळेच जरा उजळ दिसत. मुलाखतीला निघालेला असो की मुलगी बघायला, जो तो आधी आत्याकडे. माझ्या पुटकुळ्यांच्या दिवसांत तर मी तिथून हलत नसे.

"बघ बाय, आरसा खरा बोलतो, पन टोचून नाय बोलत," आत्या सांगायची. स्वतः मात्र टोचायची एकही संधी सोडत नसे.

पुढे चाळ पाडून इमारत झाली. नव्या फ्लॅटचं छत खाली आणि आरसा वीतभर उंच. ती वीत नेमकी घड्याचीच.

"नांदत्या घराचा कलस उतरवायचा?" आत्याने जेवण सोडलं.

नरेशचा फर्निचरचा धंदा. तो समजावायला गेला, "आत्या, हा कलश नाहीच गं. तिकडे परदेशात असल्या घड्यात मेलेल्याची राख ठेवायचे. अशुभ ते, कापून टाकू."

आत्या पदर तोंडाला लावून खुदखुदायला लागली. "म्हंजे माझी पन सोय झाली की! ऱ्हाऊ दे त्याला."

खाली लिफ्टपाशी छत उंच होतं. आत्याने आरसा तिथेच उभा करवला. कमिटीवाले हरकत घ्यायला आले आणि केस सारखे करून गेले. रोज सकाळी कुंकू घेऊन आत्या लिफ्टने खाली यायची. स्टूल वॉचमनकडे असायचं.

यंदा आत्या गेली. अस्थी घेऊन कळंबच्या समुद्रावर निघालो, तेव्हा नरेश आरशापाशी थांबला. "तिला शब्द दिल्यासारखंच आहे," म्हणत स्टुलावर चढला. चिमूटभर राख आत ठेवायची म्हणून घड्याचं झाकण फिरवू लागला. ते हलेना. त्याने बोटाने ठोकून पाहिलं. झाकण नुसतं कोरलेलं होतं. आत पोकळी नव्हतीच, सगळं सलग लाकूड.

"भरलेलाच आहे गं हा," तो म्हणाला आणि स्टुलावरच रडू लागला. मलाही आवरेना.

तो खाली उतरल्यावर सवयीने दोघांनी आरशात पाहिलं. आमची रडून सुजलेली तोंडंही त्याने जरा उजळच दाखवली.