गादी सोडलेले मामा

मामा गेले त्याच्या आदल्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "महाराज आले का रे, श्रीधर?" मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोर उभ्या राहणाऱ्या इमारतीची क्रेन दिसते, तिच्याकडे ते टक लावून बघत होते. "येतायत," मी म्हणालो. "आले की मला उठव. झोप लागली असली तरी उठव." दुसऱ्या दिवशी माझी बायको वसुधा चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली आणि भरलेला कप तसाच हातात धरून परत आली... तिनं काही सांगायची गरजच पडली नाही. मामा ज्या महाराजांची वाट बघत होते, ते महाराज म्हणजे ते स्वतःच. बसवनगुडीतल्या आमच्या छोट्या दत्तमठाची गादी त्यांनी तरुणपणापासून सांभाळली आणि अलीकडेच, म्हातारपण झेपेना म्हणून, स्वतःहून सोडली. आता त्यांना जाऊन काही आठवडे झाले. भेटणारे लोक त्यांच्या त्यागाबद्दल भरभरून बोलतात. मी मान हलवतो. मला आठवतं ते वेगळंच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. एका सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. मठात आरतीला जायचे, मागे उभे राहून गोड आवाजात आरती म्हणायचे. आधीच्या महाराजांनी गादीसाठी त्यांनाच निवडलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आवाजामुळे. मामा म्हणायचे, "आवाजामुळे नाही. मी कमी बोलतो म्हणून." ते ब्रह्मचारी होते, पण संन्यास घेतलेला नव्हता, त्यामुळे आमचं नातं तुटलं नाही. आई गुरुवारी मठात त्यांच्या पाया पडायची आणि शुक्रवारी फोनवर त्यांना औषध न घेतल्याबद्दल रागवायची. सणाला घरी आले की पानावर बसून ते पुन्हा धाकटे भाऊ व्हायचे. "अक्का, स्वल्प तूप," असं म्हणून वाटी पुढे करायचे.

मठात येणाऱ्यांना ते भविष्य सांगत नसत. मुलीचं लग्न, आजारपण, व्हिसा... लोक सगळं घेऊन यायचे. पुढे पुढे व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांतून पुण्या-मुंबईची तरुण मंडळी कॅब करून यायला लागली. "महाराज, ऑनसाइटचं, परदेशी जायचं काही होईल का हो?" असं थेट विचारायची. मामा हसायचे. "ते मला कळत नाही. बसा थोडा वेळ." आणि गंमत म्हणजे तेवढ्यावर माणसं शांत होऊन घरी जायची. जे कळत नाही ते कळत नाही म्हणणारा माणूस गादीवर बसलाय, याचाच त्यांना आधार वाटत असावा. फक्त एकदा मामांच्या तोंडून वेगळं उत्तर गेलं.

मठाच्या मागच्या गल्लीत इंदूताई राहायच्या. त्यांचा थोरला मुलगा शिरीष कॉलेजात नापास झाला आणि वडील काहीतरी लागट बोलले, तसा चपला घालून घराबाहेर पडला. परत आला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, नातेवाईक गावोगाव हिंडून आले. मग एका गुरुवारी इंदूताई मठात आल्या, मामांच्या समोर बसल्या आणि विचारलं, "येईल का?" मी तेव्हा प्रसाद वाटत होतो. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "येईल."

त्या एका शब्दावर इंदूताईंनी आपलं आयुष्य उभं केलं. त्यांचे यजमान निवृत्त झाल्यावर धाकट्या मुलाकडे पुण्याला गेले, त्या गेल्या नाहीत. घर बदललं तर शिरीषला सापडणार कसं? यजमान पुण्यातच वारले, तेव्हासुद्धा दिवस करून त्या लगेच परतल्या. दर गुरुवारी मठात खांबाला टेकून बसायच्या, काही मागायच्या नाहीत, विचारायच्या नाहीत. आरती संपली की फक्त मामांकडे एकदा बघायच्या. लोक म्हणायचे, निष्ठा असावी तर अशी. मामा मात्र त्या बाजूला तोंड करून बसणं टाळायचे. कितीतरी वर्षं मला वाटत होतं, खिडकीतला उजेड त्यांच्या डोळ्यांवर येतो.

ऐंशी ओलांडल्यावर मामांचे हात कापायला लागले. आरतीचं तबक धरलं की ज्योत थरथरायची आणि पुढच्या रांगेतल्या बायका श्वास रोखून बघायच्या. मग एका गुरुवारी आरतीच्या मध्येच ते थांबले. पुढची ओळ गेली होती. लोकांनी आवाज चढवून ती म्हटली, पण मामांनी तोंड उघडलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी विश्वस्तांना बोलावून सांगितलं, मी गादी सोडतो, आपल्या मठात पूजा करणाऱ्या माधवबुवांना बसवा. विश्वस्त हादरलेच. अशी पद्धत नव्हती. गादीवरचा माणूस गादीवरूनच जायचा. मुख्य विश्वस्त कळवळून म्हणाले, "महाराज, तुम्ही काही करू नका. नुसते बसून राहा. बाकीचं आम्ही बघतो." मामा म्हणाले, "नुसतं बसायला आत मूर्ती आहे की."

गादी सोडायच्या दिवशी सभामंडप भरून गेला होता. मामांनी आपली शाल माधवबुवांच्या खांद्यावर घातली आणि खाली उतरले. मी त्यांचा दंड धरला होता. लोकांना काही सुचेना... सवयीनं पाया पडायला वाकायचे, आणि मामा घाईघाईनं पाय मागे घ्यायचे. वाट काढत ते मला खांबाकडे घेऊन गेले. तिथं, मोठ्या कष्टानं, इंदूताईंच्या समोर सतरंजीवर बसले. हात जोडले.

"इंदूताई, मी तेव्हा 'येईल' म्हणालो होतो. मला काही दिसलं नव्हतं हो. तुमच्याकडे बघवेना म्हणून तोंडातून गेलं. गादीवर बसून हे सांगायचं धाडस झालं नाही. आज सांगतो."

मला वाटलं, त्या रडतील. किंवा चिडतील. चिडायचा त्यांना पुरेपूर हक्क होता. त्यांनी पदर सावरला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ते महाराजांनी सांगितलंय. तुम्ही आता महाराज नाही. खाली उतरल्यावर ते परत घेता येत नाही."

मामांनी जोडलेले हात सोडलेच नाहीत. शेवटी मीच त्यांना उठवलं.

त्यानंतर ते आमच्याकडे राहायला आले. सुरुवातीला खाली बागेत फिरायचे, वसुधाला भाजी निवडून द्यायचे, लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी कन्नडमध्ये गप्पा मारायचे. हळूहळू एकेक गोष्ट निसटायला लागली. आधी नावं गेली, मग वार गेले. आणि एका दुपारी त्यांनी पहिल्यांदा विचारलं, महाराज कधी येणार? मी म्हणालो, "मामा, महाराज तुम्हीच." ते रागावले. "मी कुठला? मी उतरलो की! गादीवर आहेत त्यांना बोलाव. त्या बाईला एकदा खरं सांगा म्हणावं. माझं ती ऐकत नाही." मग हे रोजचंच झालं. न राहवून एकदा मी माधवबुवांना घेऊन आलो. बिचारे भर ट्रॅफिकमधून आले, शाल पांघरून मामांच्या समोर बसले, "बोला, काय सांगायचंय," म्हणाले. मामांनी त्यांना नीट न्याहाळलं. मोठ्या अदबीनं म्हणाले, "तुम्ही नव्हे. जुने."

माधवबुवा जाताना दारात थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मलाही आता लोक विचारतात हो," एवढंच म्हणाले.

तेराव्याला सगळी मंडळी येऊन गेल्यावर, दुपार कलताना इंदूताई आल्या. बसवनगुडीहून बस बदलत एकट्याच आल्या होत्या, घामानं निथळत होत्या. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "त्यांची खोली दाखवता?" मी दाखवली. पलंग, भिंतीला लावलेली खुर्ची, घडी केलेली धोतरं. त्या खुर्चीत बसल्या. "शेवटी काही म्हणाले?" मला खोटं सांगता आलं असतं. मी खरं ते सांगितलं... महाराजांची वाट बघत होते, तुम्हाला खरं सांगायला त्यांना लावणार होते. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "म्हणजे त्यांनाही वाट बघायला लागली," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, समाधानही नव्हतं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखा आवाज होता.

आता त्या गुरुवारी मठात जात नाहीत. आमच्याकडे येतात. वसुधा त्यांना उपमा नाहीतर भाकरी देते, त्या मामांच्या खोलीत बसतात, ऊन उतरलं की निघतात. काही विचारत नाहीत. मीही त्या खोलीत बसतो, पण त्यांच्याकडे तोंड करून बसायला मला जमत नाही. गेल्या गुरुवारी असेच बसलो होतो आणि दाराची बेल वाजली. इंदूताई ताडकन उभ्या राहिल्या. बाहेर वसुधानं दार उघडलं, कुणाशी तरी दोन शब्द बोलली आणि ओरडून सांगितलं, "किराणा आलाय." इंदूताई हळूच परत खुर्चीत बसल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीही उभाच होतो.