चुकीच्या चहाचं तेल

शैलजा सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या माझ्या दुकानात साड्यांच्या घड्या घालत होतो. फोनवर त्यांची लेक होती. 'काका, आई गेली...' एवढंच म्हणाली. मी समोरच्या गिऱ्हाइकाला 'दुकान बंद हाय' म्हणालो आणि तिच्या हातातली साडी काढून घेतली. ती बाई अजून फिरकलेली नाही.

लातूरला आईची केमो चालू होती, तेव्हा वॉर्डात सिस्टर भेटल्या. ताट समोर आलं की आईला मळमळायचं. वजन असंच उतरलं तर पुढची केमो थांबवावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. उलटीच्या औषधांच्या जोडीला, डॉक्टरांना विचारून, सिस्टर सुगंधी तेलं वापरायच्या. मला म्हणाल्या, 'दादा, नांदेडहून येताना गवती चहाचं तेल आणा. शुद्ध बघून आणा.' गवती चहाला इंग्रजीत लेमनग्रास म्हणतात हे मला कुठं ठाऊक! बाटलीवर 'टी' दिसलं, म्हटलं चहा सापडला. ते टी ट्रीचं तेल घेऊन, वर मानेला गुलाबाचं अत्तर चोपडून, मी जावयाच्या थाटात वॉर्डात शिरलो. झाकण उघडलं आणि आईनं तोंड फिरवलं. 'आरं, हे तर फिनेल हाय! मी काय फरशी हाय का?' सिस्टरनी बाटली हुंगली आणि भिंतीला टेकून हसल्या. 'दादा, हे तेल निराळं, जंतू मारायचं. हे आन् तुमचं अत्तर, दोन्ही घेऊन बाहेर व्हा. नळावर मान धुवा.'

मान धुऊन आलो तर त्यांनी कपाटातली योग्य बाटली काढली होती. कापसावर एक थेंब, तोही नाकापासून लांब धरलेला. 'मावशी, नको वाटलं की सांगा, लगेच काढते. यानं आजार जात न्हाई, मळमळ जरा बसते. ती बी सगळ्यांची न्हाई.' आई डोळे मिटून पडून राहिली... मग म्हणाली, 'पेज हाय का भाताची?' अर्धी वाटी पोटात राहिली. हळूहळू जेवण वाढलं, केमो चुकली नाही. यात तेलाचं श्रेय किती आणि औषधाचं किती, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, 'तुमचं काहीच न्हाई, एवढं नक्की.'

सिस्टरच्या तेराव्याला आईला घेऊन मुखेडला त्यांच्या घरी गेलो. फोटोपुढं समई होती, उदबत्ती दिसेना. लोक विसरले असतील म्हणून मी शहाण्यानं पुडा आणवला आणि काडी ओढली. लेकीनं माझा हात धरला. 'काका, नको. वॉर्डातल्या बाया आल्यात. दोघींची केमो चालू हाय.' मी काडी विझवली. आई फोटोकडं बघत म्हणाली, 'सिस्टर, ह्यो काय सुधारत न्हाई बघा.'